अत्रे मास्तरांच्या वाचनमाला शोधा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

१३ ऑगस्टला आचार्य अत्र्यांची जयंती होते. भाषणांत संयुक्त महाराष्ट्र येतो, ‘मराठा’तले अग्रलेख येतात, विनोद तर येतातच. अत्रे मुळात शाळामास्तर होते, हे मात्र आम्हा शिक्षकांच्या कार्यक्रमांतही फारसे कुणी काढत नाही.

सासवडकडचा हा माणूस पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचा मुख्याध्यापक झाला, लंडनहून अध्यापनाची पदविका घेऊन आला आणि १९३०च्या दशकात त्याने ‘नवयुग वाचनमाला’ ही शाळेच्या मराठी पुस्तकांची मालिका काढली. पोरे कुठल्या ओळीला जांभया देतात हे रोज पाहणाऱ्याचे ते काम. त्यातले ‘दिनूचे बिल’ घ्या. केलेल्या कामांचे पैसे मागणारे बिल मुलगा आईलाच देतो. आई पैसे देते आणि सोबत तिचे बिलही, त्यात रक्कम शून्य. मातृप्रेमाचे व्याख्यान नाही, नुसता हिशेब. माझ्या वर्गात हा धडा वाचून झाल्यावर एकाने विचारले, “मग दिनूने पैसे परत केले का?” धड्याखाली छापलेल्या प्रश्नांतून असला प्रश्न मुलांना कधी सुचलेला मी पाहिला नाही.

१९६७ साली बालभारती आली आणि पाठ्यपुस्तके सरकारी झाली. ‘किशोर’चे जुने अंक तिने सर्वांना खुले केले, त्याबद्दल शाबासकीच. पण अत्र्यांची वाचनमाला त्याआधीची, खासगी. तिची फाइल कुणाच्या टेबलावर असेल? (पुस्तकात कोरी पाने २०२३ साली घालायला आणि २०२५ साली काढायला खात्याला वेळ मिळाला, म्हणून विचारते.)

अत्रे १९६९ साली गेले. कायद्याने ६० वर्षे धरली, तर त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेर संपेल. इतर लेखकांच्या धड्या-कवितांचे हक्क वेगळे तपासावे लागतील. म्हणूनच काम आजच हाती घ्यावे लागेल: जिल्हा परिषद शाळांची कपाटे, जुनी ग्रंथालये, घराघरांतले माळे धुंडाळून सगळ्या इयत्तांची पुस्तके कसर लागण्याआधी गोळा करायची, स्कॅन करायची, वारसांशी बोलायचे. डी.एल.एड.च्या, म्हणजे शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना त्यातला एकेक धडा वर्गात घेऊन पाहायला लावा. आणि पाठ्यपुस्तक मंडळावर नेमणुका करताना सध्या खडू हातात असलेले चार जण तरी घ्या.

हे काम कोणत्या अधिकाऱ्याकडे देणार, एवढे कळवावे.

आपली,
एक मराठीची शिक्षिका