धुक्यातलं वाक्य

बर्मिंगहॅम
गुरुवार, रात्र

प्रिय दिगू,

सहा महिने पत्र नाही म्हणून घातलेल्या शिव्या पोचल्या. फोनवर हे सांगता आलं नसतं. तुझी रेंज जाते, नाहीतर वहिनी मागून "पान वाढलंय" म्हणतात. आणि हे तुला लेखीच द्यायला हवं.

प्रकृती बरी. गुडघा जिथल्या तिथे, साखर गोळीवर. हिची पाठ थंडीनं धरली होती, सुटली. झालं.

तर गेल्या मंगळवारी मी स्वतःच्या चष्म्यावर बसलो. हसून घे. मुलानं चष्म्याच्या दुकानात नेलं. तपासणारी पोरगी पंचविशीची, इथलीच. अंधाऱ्या खोलीत बसवून एकेक भिंग बदलत होती. एका भिंगाला खालची बारीक ओळ लख्ख दिसली. "हाऊज दॅट?" तिनं विचारलं. मनात आलं 'छान दिसतंय', आणि तोंडातून बाहेर पडलं, "आय ॲम लुकिंग गुड."

ती क्षणभर थांबली. मग चेहरा अजिबात न हलवता म्हणाली, "यू सर्टनली आर."

34 वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस मी! आपलं 'दिसणं' दोन्हीकडे चालतं ना. मला छान दिसतं, मी छान दिसतो. फरक काय तो 'मला'चा आणि 'मी'चा. इंग्रजीत पहिल्याला 'सी वेल', दुसऱ्याला 'लुक गुड'. आणि 'लुकिंग वेल' म्हटलं तर प्रकृती सुधारलेली दिसते, हे तिसरंच. सगळं मी फळ्यावर लिहून दिलेलं आहे. हिला सांगितलं तर ती तासभर हसत होती, आणि सूनबाईनं ते तिच्या माहेरी कळवलं.

पण पत्र त्यासाठी नाही. पुढचं भिंग घालताना ती पोरगी सहज म्हणाली, "इफ यू कान्ट सी प्रॉपर्ली, जस्ट टेल मी."

सी प्रॉपर्ली, दिगू.

आठवलं? 1981 चा वार्षिक अंक. वरंध घाट, बंद पडलेली एसटी, पम्याची उलटी. तुझ्या लेखातलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'बिकॉज ऑफ द फॉग वुई कुड नॉट सी प्रॉपर्ली द रोड.' आणि मी, संपादक मंडळातला दीडशहाणा. म्हटलं, हे सरळ 'नीट दिसत नव्हतं'चं भाषांतर आहे, साहेब असं बोलत नसणार. म्हणून छापलं 'कुड नॉट सी केअरफुली'. तू कँटीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलंस, "धुक्यात रस्ता काळजीपूर्वक दिसत नाही म्हणजे काय रे?" मी म्हणालो, "तुला व्याकरण कळत नाही." दीड महिना अबोला. शेवटी नान्यानं मिसळीवर मिटवलं, आणि मिसळीचे पैसेही माझ्याच खिशातून गेले.

प्रश्न तू बरोबर विचारला होतास. खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. काळजी घ्यायची तर कुणीतरी काहीतरी करत असावं लागतं. बघणं आपण करतो, दिसणं होतं. म्हणून लुक केअरफुली, वॉच क्लोजली. पण सी म्हटलं की क्लिअरली, वेल, बेअरली. आपलं 'नीट' मात्र दोन्ही घरी जेवतं: नीट बघ, नीट दिसत नाही. आणि नेमकं 'प्रॉपर्ली'ही तसंच दोन्ही घरी जातं! जिथं मराठीवर विश्वास ठेवला असता तर साधलं असतं, तिथंच मी इंग्रजीचा सोवळेपणा दाखवला.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मला रात्री जागवते. ते खोडणं मी 1981 ला थांबवलं नाही. 34 वर्षं वह्यांमधली प्रॉपर्ली दिसली की लाल रेघ. एक पोरगी होती सातवीत, शेवटच्या बाकावरची. जागा बदलून मागायला तिनं अर्ज लिहिला, 'आय कॅनॉट सी द बोर्ड प्रॉपर्ली.' मी 'प्रॉपर्ली' खोडून 'क्लिअरली' केलं आणि म्हटलं, सुवाच्य अक्षरात परत लिहून आण. ती दोन दिवसांनी घेऊन आली, मग जागा बदलली. त्या दोन दिवसांत फळ्यावर मी काय लिहिलं ते तिला दिसलं नसणार. माझ्या चुकीच्या दुरुस्त्या घेऊन अशी किती पोरं नोकरीच्या अर्जात 'आय हॅव सीन युवर ॲडव्हर्टाइजमेंट केअरफुली' लिहून बसली असतील, याचा हिशेब लागत नाही. तू म्हणशील, त्यांना नोकरी लागली नाही ती वेगळ्या कारणांनी. म्हण.

तेव्हापासून खिशात वही. बसमध्ये वरच्या मजल्यावर बसतो आणि लोकांची बोलणी चोरतो. स्टेअर म्हटलं की ब्लँकली येतं, गेझ म्हटलं की लाँगिंगली, ग्लान्स म्हटलं की ब्रीफली. ग्लेअरला अँग्रिली फारसं लागतच नाही, राग त्याच्या पोटातच आहे. आपण 'रागानं डोळे वटारले' म्हणतो तसाच पाल्हाळ. न्याहाळणं, निरखणं यांच्या पोटातही 'बारकाईनं' आहेच की. आणि सरांचं ते आठवतं ना, "लुक हार्ड, यू हार्डली लुक"? डोळे ताणून बघ, तू तर बघतच नाहीस. त्यावर सगळ्यात जोरात हसलेला तू, आणि सहामाहीत 'आय वर्क्ड हार्डली' लिहिलेलाही तूच. त्या बाबतीत ते खरंही होतं.

गंमत बघ. मुलाचं घर इथल्या विद्यापीठापासून चालत वीस मिनिटांवर. तिथल्या जॉन सिंक्लेअर या भाषाशास्त्रज्ञांच्या मंडळींनी सुमारे 2 कोटी शब्दांचा छापील आणि बोली मजकूर संगणकात घातला, कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते मोजलं, आणि 1987 मध्ये कोबिल्ड नावाचा इंग्रजी शब्दकोश काढला. त्याआधीचे भाषाशास्त्रज्ञ फर्थसाहेब, शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा असं 1957 मध्ये लिहून गेलेले, ते तर 1919 ते 1928 लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. म्हणजे विद्या आपल्या दारावरून गेली. 1987 ला मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. आमच्या शाळेत तेव्हा एकच कोश, आणि तो मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात.

नातू साडेपाच वर्षांचा. परवा मोजा शोधताना मला म्हणाला, "आबा, यू हॅवन्ट लुक्ड प्रॉपर्ली." त्याला कुणी शिकवलेलं नाही. मोजा माझ्याच हातात होता.

तुझं काय? बोअरला पाणी लागलं का? धाकटीचं ठरलं असं पम्या म्हणाला, तारीख कळव, तिकीट त्याप्रमाणे काढतो. वहिनींच्या डोळ्याचं लांबवू नका, मोतीबिंदू आता अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि हो, पूर्ण शरणागती नाही. 'सी प्रॉपर्ली द रोड' नाही म्हणत इथं कुणी. 'सी द रोड प्रॉपर्ली.' क्रियापद आणि कर्म यांच्या मधे सहसा क्रियाविशेषण घुसवत नाहीत. म्हणजे अर्धा मार्क तुझा, अर्धा माझा, मिसळीचे अर्धे पैसे दे.

तो अंक तुझ्या माळ्यावर असणार, तू काही टाकत नाहीस. शोधून ठेव. फेब्रुवारीत आलो की पान काढून देशील आणि तुझ्या देखत दुरुस्त करीन. पेन तूच आण, लाल नको.

तुझा,
अव्या