मचाणावरच्या त्या रात्रीसाठी, मामाजी

मामाजी, जय सेवा.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. भांडलो चार माणसांसमोर, तर आभारही चार माणसांसमोरच मानायला हवेत.

बाबा गेल्यावर आम्हा दोघा भावांच्या मधे धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे शेताच्या हद्दीचा बांध, आला. दीड हात जमीन. मग कोर्टाच्या तारखा, तलाठ्याकडे चकरा, एका अंगणात दोन चुली. माय सकाळी माझ्याकडे जेवायची, रात्री दादाकडे, आणि दोन्हीकडे तिचं पोट भरत नसे. चार वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. गोळी घेतल्याशिवाय माझा डोळा लागत नव्हता.

वैशाखात तुम्ही आमच्याकडे वेगवेगळे आलात. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर जनावरं मोजायची आहेत, सोबत माणूस पाहिजे, म्हणालात. दादाही येणार आहे हे मला सांगितलं नाहीत, त्यालाही माझ्याबद्दल नाही. मचाणाखाली आमची नजरानजर झाली तोवर गाडी निघून गेली होती. "इथं बोलाचं नाही, पाहाचं," एवढंच म्हणून तुम्ही शिडी दाखवलीत. वर चढल्यावर मधे न बसता कडेला बसलात. ते आता लक्षात येतं.

नागझिरा आम्हाला नवा नव्हता. १९७० साली अभयारण्य झालं, त्याआधी आजोबा त्याच रानात बैल चारायचे. बाबा चैत्रात पहाटेच मोह वेचायला निघायचे. आम्ही दोघं टोपली धरून मागे. पण रात्री जंगलाच्या पोटात तोंड मिटून कधी बसलो नव्हतो. फळ्या दिवसभराच्या उन्हानं तापलेल्या होत्या. सागाची वाळली पानं कोणाच्या तरी पायाखाली मोडत, मग बराच वेळ काहीच नाही. रातवा ओरडायचा. मला खोकला आला तेव्हा दादानं पाण्याची बाटली सरकवली, माझ्याकडे न पाहता.

नोंदीचा कागद माझ्याकडे होता. रात्री अकराच्या पुढे चितळांचा कळप पाण्यावर आला. मी सात लिहिले. दादानं माझ्या गुडघ्यावर बोट टेकवलं आणि आठ बोटं दाखवली. मी मान हलवली, सात. त्यानं पुन्हा आठ. चार वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं ते, आणि तेही भांडणच! मग जांभळाच्या सावलीतून आठवं पिल्लू उजेडात आलं. मी सात खोडून आठ केलं. दादा हसला की नाही, अंधारात दिसलं नाही, पण त्याचा खांदा हलला.

पहाटे अस्वल आलं, पाठीवर दोन पिल्लं. ते पाणी पीत होतं तेव्हा दादानं माझं मनगट धरलं. बाबांनी एकदा मोहाखाली अस्वल पाहून आम्हाला तसंच धरलं होतं. ते निघून गेल्यावरही त्यानं हात सोडला नाही.

जंगलानं जादू केली असं मी म्हणणार नाही. मोह वेचायला गेलेली माणसं वाघाच्या तावडीत सापडतात, हे आपण दोघंही जाणतो. धुऱ्याचा निकालही मोजणी करूनच लागला, आणि खटला मागे घ्यायला पुढे तीन महिने गेले. पण मोजणीच्या दिवशी टेपचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं दादानं. ते त्या रात्रीशिवाय झालं नसतं. त्या रात्री मी पापणी मिटली नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गोळीविना झोपलो, चार वर्षांत पहिल्यांदा.

तुम्ही आम्हाला समजावलं नाहीत. नात्यातल्या सगळ्यांनी समजावून झालं होतं, पंचांनीही. तुम्ही फक्त आम्हाला एका फळीवर बसवलंत आणि गप्प ठेवलंत.

यंदा रोवणी आम्ही एकत्र केली. माय आता एकाच ताटात जेवते.

चैत्रात मोह पडू लागला की निरोप धाडा. दोघंही येऊ. टोपली दादा आणतो म्हणाला.

तुमचा भाचा