खडे घासायला बसण्याआधी

फोंडा,
आषाढ वद्य

प्रिय नंदू,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, सोबतची खड्यांची यादीही. हणजूणच्या बुधवारच्या बाजारातला माल सोनार शेटाने कोंदणात बसवायला नकार दिला, यात त्याचं काही चुकलं नाही. स्वस्त कॅबोशॉन, म्हणजे सपाट बुडाचे गुळगुळीत घुमटाकार खडे, कापणारा वजन वाचवायला बघतो, घाट नव्हे. त्यामुळे बूड फुगीर, एका बाजूची कड तीन मिलिमीटर तर दुसरीकडे जेमतेम अर्धा, आणि घुमटाचा माथा मधोमध नाहीच. असा खडा कोंदणात डुगडुगतो, आणि चांदीची पट्टी दाबायला घेतली की पातळ कडेचा टवका उडतो.

हे घरी सुधारता येतं, मोठं यंत्र न घेताही. फक्त एक आधीच सांगतो. नव्या माणसाचा सगळा जीव शेवटच्या चकाकीत असतो, आणि काम बिघडतं ते त्याच्या कितीतरी आधी, २२० नंबरच्या घासकागदावर (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक). ओप देणारी पूड ओरखडे काढत नाही, उलट आधी न दिसणारे दाखवून देते.

पहिल्यांदा निवड कर. यादीतला ‘फिरोजा’ त्या भावात फिरोजा असणं कठीण. हाउलाइट आणि मॅग्नेसाइट हे पांढरे दगड निळे रंगवून त्या नावाने सर्रास विकतात. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा बुडावर घास. बोळा निळा झाला तर खडा बाजूला ठेव, कारण रंग बहुधा वरच्या थरातच असतो आणि आत पांढरं निघतं. पण बोळा कोरा राहिला म्हणून खडा खरा ठरत नाही, राळ भरून पक्का केलेला रंग सहजी उतरत नाही. ओपल पाण्याच्या वाटीत आडवा धरून दहापट भिंगातून कडेने बघ. एक सरळ रेघ आरपार दिसली तर तो थर चिकटवून केलेला आहे, त्याला हात लावू नकोस. लालभडक स्वस्त माणकांच्या भेगांत बहुधा काच भरलेली असते. माणकाचा काठिण्यांक (मोजच्या १ ते १० मापावर) ९, काचेचा साधारण ५.५. दोन्ही एकसारखे घासले जाणारच नाहीत, शिवाय माणकासारख्या कठीण खड्याला हिऱ्याची पूड हवी.

काही खड्यांत प्रकाशाचा खेळ असतो, तिथे घाटापेक्षा दिशा महत्त्वाची. टायगर आयमधली चमकती पट्टी त्याच्या तंतूंना काटकोनात पडते. म्हणजे लंबगोल खड्यात पट्टी लांबीला हवी तर तंतू रुंदीला आणि बुडाशी समांतर असायला हवेत. एका बल्बखाली खडा धरून पट्टी कुठे पडते तिथे खूण कर आणि नवा मध्य तिथे धर, जुना विसर. लॅब्राडोराइटची निळी झाक ठरावीक प्रतलातूनच येते. बूड तिरकं घासलंस की झाक एका कुशीला सरकते, आणि घुमट फार उंच केलास तर ती छोट्या ठिपक्यापुरती उरते. त्याला घुमट बसकाच ठेव. तुझा ‘रेनबो मूनस्टोन’ हाही खरं म्हणजे लॅब्राडोराइटचाच प्रकार. फेल्डस्पार या खनिजकुळातल्या या मंडळींना जवळजवळ काटकोनात दोन दिशांनी चिरण्याची सवय असते, म्हणून जोर लावायचा नाही.

पहिला हात अकिकावर (ॲगेटवर) बसव. काठिण्यांक ७, चिरण्याची दिशा नाही, उष्णता बऱ्यापैकी सोसतो, आणि चुकलास तर हळहळ नाही.

आता सामान. चाकूला धार लावायच्या सपाट हिरापट्ट्या मिळतात, त्यातली १५० च्या आसपासची एक घे. अंग उतरवायचं काम तिचं. सिलिकॉन कार्बाइडचा काळा वॉटर पेपर २२०, ४००, ६००, ८००, १२०० आणि २००० नंबरचा, म्हापशाच्या कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळेल. सहा मिलिमीटर जाडीची काच, माउस पॅडसारखा रबराचा तुकडा, डिजिटल कॅलिपर, लंबगोल भोकांची प्लॅस्टिकची पट्टी, टोक काढलेली ॲल्युमिनियमची तार, लाख, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या लाकडी दांड्या, चामड्याचा तुकडा आणि ओप द्यायची पूड, म्हणजे सेरियम ऑक्साइड. पुढे हौस टिकली तर सहा इंची चाकांचं यंत्र बघू. अकिकाला हाताने वेळ लागतो, पण हात त्यातच तयार होतो.

धुळीबद्दल गंभीरपणे लिहितो. अकीक म्हणजे सिलिका. गुजरातेतल्या खंबातच्या अकीक कारागिरांत सिलिकोसिस किती आहे ते जगजाहीर आहे, आणि तो कोरड्या घासणीच्या धुळीचा रोग आहे. एकदा फुप्फुसात शिरलेली ती पूड परत निघत नाही. म्हणून प्रत्येक घासणी ओली. पाण्यात साबणाचा एक थेंब टाक, म्हणजे कागदात चिखल भरत नाही. तरीही एन-९५ मुखपट्टी लाव, आणि चिखल वाळायच्या आत टेबल ओल्या फडक्याने पुस. झाडू नकोस. गढूळ पाणी मोरीत ओतलंस तर ती पूड पाइपात थर धरून घट्ट बसते. बालदीत रात्रभर ठेव, वरचं नितळ पाणी काढ, खालचा गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात टाक. विहिरीकाठी तर मुळीच नको.

काम बुडापासून सुरू होतं. काचेवर २२० चा कागद ओला करून पसर. बुडावर मार्करने जाळी काढ आणि खडा इंग्रजी आठच्या आकारात फिरव. शाई जिथे उरली तो भाग खोलगट आहे. सगळी शाई गेली की बूड सपाट. मग ४०० आणि ६००. त्यापुढे बुडाला काही लागत नाही.

सपाट बुडावर प्लॅस्टिकच्या पट्टीतून माप आख. १८×१३, २५×१८, ३०×२२, ४०×३० मिलिमीटर ही प्रचलित मापं, त्यांची तयार कोंदणं मिळतात. आखायला ॲल्युमिनियमची तार, कारण पेनाची रेघ पाण्यात टिकत नाही. खड्यात बसणारं सर्वांत मोठं माप घ्यायचा मोह आवर. कडेचा जुना टवका रेषेच्या आत येत असेल तर एक माप खाली उतर.

कड उतरवायच्या आधी बुडाच्या धारेवर चौफेर अर्ध्या मिलिमीटरची तिरपी कानस मार. याची दोन कारणं आहेत. उघडी टोकदार धार हिरापट्टीवर हमखास फुटते. शिवाय कोंदणाच्या आतल्या कोपऱ्यात डाकाचा (सोल्डरचा) थोडा फुगवटा असतो. खड्याची धार त्यावर चढली की खडा वर उचलला जातो. रेषेपर्यंत घासताना ही तिरपी धार कमी होत जाते, मधे पुन्हा मारून घे. कडेची भिंत अगदी उभी न ठेवता वर जाताना पाच ते दहा अंश आत झुकू दे, म्हणजे चांदीची पट्टी पकड घेते.

आता खडा दांडीवर चढवायचा. लाख साधारण ७५ अंशांच्या पुढे मऊ पडते. पकड फसते ती लाखेमुळे क्वचितच, थंड खड्यामुळे जास्त. गरम लाख थंड दगडावर लावली की वरवर चिकटते आणि ऐन घासणीत दगड निसटतो. अकीक तव्यावर कागद घालून हळूहळू तापव, बोट टेकवून ठेवता येणार नाही इतपत. मग लाखेचा गोळा दांडीवर घेऊन बुडावर बसव आणि ओल्या बोटाने चहूबाजूंनी दाबून निमुळता कर. लाख कडेपर्यंत येऊ देऊ नकोस, नाहीतर कड घासताना ती कागदात भरते. ओपल, मूनस्टोन, फिरोजा तापवायचे नाहीत. त्यांना सुपरग्लूचा थेंब पुरे. पावसाळ्यात लाख आणि दांड्या दमट होतात, लावायच्या आधी दांडीचं टोक शेगडीजवळ धरून वाळव.

दांडीवर चढल्यावर बुडापासून दीड मिलिमीटरवर चौफेर एक रेघ काढ. ती कड राखायची, बाकीचं घुमटाचं. रेघेपासून वर ४५ अंशांचा पट्टा सगळीकडे सारखा घास, मग त्याच्या वरच्या धारेवर अधिक बसका दुसरा पट्टा, आणि शेवटी दांडी सतत फिरवत सगळे पट्टे एकमेकांत मिसळ. हात थांबला की तिथे सपाट खूण पडते. जुना घुमट बरा असेल तर माथ्याला हात न लावता फक्त खांदे जुळव. माथा अर्धा मिलिमीटर खाली गेला तर सगळे उतार पुन्हा करावे लागतात.

इथून पुढे सगळा खेळ २२० चा. रबरावर कागद ठेवून हिरापट्टीचा प्रत्येक ओरखडा जाईपर्यंत घासायचं. बाकी सगळ्या नंबरांना मिळून लागतो त्याहून जास्त वेळ या एकाला लागला तरी हरकत नाही. झिजलेला २२० चा कागद ४०० सारखा वागतो, खोल ओरखडे तसेच ठेवून भोवतालचं तेवढं गुळगुळीत करतो आणि काम झालं असं वाटायला लावतो. कागद बदलायला कंजूषपणा नको. पुढच्या प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदल, म्हणजे मागच्याचे ओरखडे आडवे उठून दिसतात. दोन नंबरांच्या मधे खडा, दांडी, हात, नखं सगळं ब्रशने धू आणि पाणी बदल. २२० चा एक कण १२०० च्या कागदावर पोहोचला तर संध्याकाळ वाया.

तपासायचं ते कोरड्यावर. ओला दगड नेहमी पॉलिश केल्यासारखाच दिसतो, कारण ओरखड्यांत पाणी भरलेलं असतं. फडक्याने पूस, मिनिटभर थांब, टॉर्च तिरपा धरून भिंगातून बघ. ६०० नंतर खड्याला मंद तकाकी येते. तेव्हा ट्यूबलाइटखाली धरून सावकाश फिरव. नळीचं प्रतिबिंब घुमटावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न अडखळता सरकलं पाहिजे. ते कुठे मोडलं किंवा एकदम उडी मारून पुढे गेलं, की तिथे सपाटी आहे. मुकाट परत २२० वर जा. ८०० आणि १२०० ती सपाटी घालवू शकत नाहीत, फक्त चकचकीत करतात. माथा विशेष बघ. दांडी फिरवताना हात खांद्यांवरच रेंगाळतो आणि नेमका मधला डाग राहतो. कडेची भिंतही विसरली जाते, मग कोंदणाच्या वर धूसर करडी रेघ दिसते.

२००० नंतर ओप. लाकडी चकतीवर चामडं चिकटवून ती बॅटरीवरच्या ड्रिलला लाव, अगदी मंद वेगाने. विजेची ड्रिल ओल्या कामाला नको. पुढे यंत्र घेतलंस तर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवल्याशिवाय प्लग लावू नकोस. सेरियम पाण्यात साईइतपत दाट कालवून चामड्याला लाव. चामडं सुकत आलं की ते दगडाला ओढ देऊ लागतं, आणि चकाकी त्याच क्षणी चढते. पण त्यापुढे आणखी काही सेकंद दाबून धरलंस तर उष्णतेने तड जाते. ओढ लागली की उचल, पाण्याचा शिडकावा, पुन्हा. अकीक, फेल्डस्पार, ओपल, काच यांना सेरियम चालतं. जेड आणि मॅलाकाइटला हिरवं क्रोमियम ऑक्साइड बरं. निळ्या लॅपिसमध्ये (लाजवर्दमध्ये) मऊ-कठीण खनिजं एकत्र असतात, मऊ भाग आधी खाल्ला जाऊन पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. तिथे रबर काढून टाक, कडक आधारावर नवा कागद, हलका हात आणि थोडा वेळ.

मॅलाकाइटच्या पुडीत तांबं असतं, ती विषारी आहे. ते सध्या राहू दे.

काम झालं की अकीक दांडीसकट पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेव, वहिनींना विचारून. लाख कडक होते आणि अंगठ्याने बाजूला दाबलं की खडा सुटतो. उरलेली लाख स्पिरिटने पूस. सुपरग्लू ॲसिटोनने सुटतो, पण राळ भरलेल्या खड्यांना ॲसिटोन लावू नकोस. तिथे ब्लेडच्या टोकाने सावकाश काढ. ओपलला फ्रीजर नाही. चामडं दर वेळी धुऊन पंख्याखाली वाळव आणि प्रत्येक पूड वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेव, या हवेत चामड्याला बुरशी यायला दोन दिवस पुरतात.

दोन अकीक करून बघ आणि शेटाला दाखव. कोंदणाची पट्टी कडेच्या किती वर घ्यायची ते त्यालाच ठरवू दे, आपण त्यात तोंड घालायचं नाही.

काकींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत

ता. क. डिचोलीकडच्या लाल-करड्या पट्ट्यांच्या दगडाचं तू विचारलं होतंस. तो लोहखनिज आणि क्वार्ट्झचे थर असलेला दगड. हेमॅटाइट ५ ते ६.५, क्वार्ट्झ ७, म्हणून पट्ट्यांत चर पडतात. शिवाय लाल चिखल कागदांत असा मुरतो की तेच कागद पांढऱ्या मूनस्टोनला लावता येत नाहीत. त्याला कागदांचा वेगळा संच ठेव. खाणीच्या हद्दीतून मात्र उचलू नकोस, आणि जांभ्याच्या नादी लागू नकोस, तो सच्छिद्र, ओप घेत नाही.