शनिवारचा सहकुटुंब नाश्ता : आठवण

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी सकाळी ठीक साडेआठला आपण आयहॉपमध्ये (पॅनकेकसाठी ओळखली जाणारी अमेरिकन रेस्टॉरंटची साखळी) नाश्त्याला भेटतोय. उशिरा गेलो तर गर्दीत सगळ्यांना जवळजवळची टेबलं मिळणार नाहीत. घरातून मोठे किती, मुलं किती, बाळासाठी उंच खुर्ची हवी का, हे गुरुवारी रात्रीपर्यंत इथेच कळवा.

अंडं न खाणाऱ्यांनी हे जरूर वाचा. तिथल्या पॅनकेक, वॉफल आणि फ्रेंच टोस्ट, तिन्हींत अंडं असतं. ऑम्लेटमध्येही पॅनकेकचं थोडं पीठ घालतात, म्हणून गहू न चालणाऱ्यांनी ऑर्डर देतानाच बिनपिठाचं मागावं. हॅश ब्राउन म्हणजे किसलेला बटाटा, पण तो बेकनच्याच (डुकराच्या मांसाच्या) तव्यावर परतलेला असू शकतो. विचारून घ्या, संकोच नको.

भारतातून आलेल्या आजीआजोबांना आवर्जून आणा. १९५८ साली लॉस एंजेलिसजवळ सुरू झालेली ही साखळी म्हणजे अमेरिकेतली घरगुती सकाळच. सिरप पाहून त्यांना काकवी नक्की आठवेल.

बिल ज्याचं त्याने भरायचं. टीप साधारण १८ ते २० टक्के, मात्र मोठ्या गटाच्या बिलात ती कधी आधीच लावलेली असते, तेवढं पाहून घ्या.