चौथा बोल्ट

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्र

प्रिय शिऱ्या,

गणपतीत तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. उचलले असते तर तू गाडीचं विचारलं असतंस आणि मला सांगायला तोंड नव्हतं. माझं बीपी ठीक. आईचा गुडघा होता तसाच.

तर आप्पांची पद्मिनी, ती जुनी फियाट. गिअरबॉक्स उतरवला, क्लचप्लेट बदलली, परत चढवायला गेलो तर त्याला इंजिनाशी आवळणारे चार बोल्ट गायब! मीच रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकलेले, आणि तो डबा मीच भंगारवाल्याला दिला. वर दहा रुपयांसाठी घासाघीस केली. हस.

म्हटलं, बोल्टच ना. क्रँकशाफ्ट अन् हायड्रॉलिकचे सिलिंडर करणारं आपलं गाव, न मिळायला काय झालं? पण दुकानात दहा एमएम म्हटलं की दीड पिचचाच, म्हणजे दोन आट्यांत दीड एमएम अंतर असलेलाच, पुढ्यात येतो. मला हवा सव्वाचा, फियाटचे आटे बारीक. सव्वा म्हटलं की, "इल्ल्री," नाही. किल्ल्याकडच्या एका म्हाताऱ्या मालकांनी अँबॅसिडर अन् जीपच्या जमान्यातला ट्रे काढला. सगळे इंची. "तीन सुताचा घाला की, बसतंय." घातला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सूत दहा एमएमला थोडं कमीच पडतं, भोकात खुळखुळला.

दीडवाला जास्त वाईट. हातानं दोन आटे जातो आणि अडतो. पान्ह्याला पाइप लावायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात तुझी लूना आठवली. १९९१, खानापूर रोड, सायलेन्सरचा बोल्ट. "जातंय रे, जातंय" करत आटे मारलेस तू, आणि घरी नाव सांगितलंस माझं. अजून कबूल केलेलं नाहीस. पाइप खाली ठेवला.

मग उद्यमबागेत एका लेथवाल्याकडून करून घेतले. दिसायला चांदीचे. आवळायला लागलो, पान्हा जड होत गेला, जड होत गेला आणि एकदम हलका झाला. तुला तो क्षण ठाऊक आहे, पोटात गोळा येतो. काढून बघितला तर मधेच कंबर बारीक झालेली, चिक्कीचा पाक ओढावा तशी. साधं एमएस, माइल्ड स्टील ते, दुसरं काय होणार! कारखान्यातला हाय टेन्साइल बोल्ट म्हणजे आटे दाबून रोल केलेले, वर हीट ट्रीटमेंट. डोक्यावर ८.८ असलं की चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तुटत नाही. नंदू म्हणतो स्टेनलेस घाल, चमकतंय. अरे, त्यावर ए२-७० लिहिलेलं असतं म्हणजे ७००! चमकायचं काय करू, गिअरबॉक्सखाली वाकून कोण बघणार आहे? पण नंदूपुढे बोलून काय उपयोग.

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात सव्वाचा मिळाला. पण लांबी चाळीस, मला हवी साठ. परत येताना निपाणीपर्यंत तुलाच शिव्या घालत होतो. मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या २०२३ मध्ये संपल्या, त्याआधी तू म्हणाला होतास, एक गिअरबॉक्स बोल्टांसकट आणून ठेव. मीच ऐकलं नाही. तरी शिव्या तुला.

आता खुर्चीत नीट बस. मंगळवारी भंगारात एक गिअरबॉक्स पडलेला दिसला, बोल्ट अजून लटकलेले. एक काढला. डोकं १४ च्या पान्ह्याचं, त्यावर ७ चा आकडा. जपान्यांचा ७ म्हणजे जवळपास आपला ८.८. पिच गेज लावलं तर पान मिटल्यासारखं बसलं. सव्वा! जपानी लोकही दहाला सव्वाच वापरतात, आणि हे मला चाळीस वर्षांत सुचलं नाही. गाडी कुठली ते कळलंच असेल तुला. मारुती ८००.

हो. आप्पा तुझ्या बाबांच्या तोंडावर जिला पत्र्याचा डबा म्हणाले आणि दोघं दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत, ती. त्या डब्याचे तीन बोल्ट आज पद्मिनीचा गिअरबॉक्स धरून आहेत, साठ एमएम, अगदी मापात. घासून, तेल लावून घातले, हातानं शेवटपर्यंत गेले. घरात मी कुणाला बोललेलो नाही. तूही नंदूला बोलू नकोस. बाबांना सांगितलंस तर चालेल. त्यांचा हक्क आहे.

चिऊची दहावी कशी चाललीय? नवीन फ्लॅटला पाणी येतं का? वहिनींना कुंदा पाठवतो, खरंच पाठवतो या वेळी.

चौथा बोल्ट वरच्या बाजूचा, लांब आहे. ८०० चा पुरत नाही. शनिवारी पुण्यात बोहरी आळीत जा. दहा एमएम, पिच सव्वा, लांबी ७५, डोक्यावर ८.८ किंवा १०.९. दोन घे, एक मी हरवणार. सोबत लेथवाल्याचा फसलेला बोल्ट पाठवतोय, नमुना म्हणून दाखव. पिच टोकाकडच्या आट्यांवर मोज. मधे मोजू नकोस, तिथं तो ओढला गेलाय.

तुझा,
बाळ्या