वायफायवाल्या ताईंना थँक्यू

ताई,

त्या रात्री नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, लॅपटॉपच्या वायफाय लिस्टमधे घरच्या राउटरचं नाव दिसलं आणि आनंदाच्या भरात मी फोनच ठेवून दिला, म्हणून हे पत्र.

तुम्हाला फोन केला तेव्हा लॅपटॉपवर डेबियन 11 (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम) दोनदा टाकून झालं होतं आणि तिसऱ्यांदा टाकायच्या तयारीत होतो. वायफायचा पत्ताच नाही, नेट नाही म्हणून ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, मोबाईलवर दिसेल ती कमांड बघून लॅपटॉपवर ठोकत होतो, त्यातल्या अर्ध्यांचा अर्थ मला आजही माहीत नाही. वाटलं तुम्हीही एक कमांड द्याल. तुम्ही विचारलंत, "कार्ड दिसतंय का ते सांग आधी."

एलएसपीसीआयमधे (लॅपटॉपमधली कार्डं दाखवणारी कमांड) कार्ड होतं, मॉड्यूलचं, म्हणजे ड्रायव्हरच्या फाईलचं, नावही होतं, फक्त 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळच गायब. मग तुम्ही डीमेसेज, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा लॉग, मोठ्याने वाचायला लावलंत. मला तर वीसेक एरर दिसत होते, हातपायच गळाले. तुम्ही म्हणालात, फाईलच्या नावातला शेवटचा आकडा तेवढा बघ. आकडा दर ओळीला एकाने उतरत होता! म्हणजे ड्रायव्हर बिचारा नव्या फर्मवेअरपासून (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) सुरू करून जुन्यापर्यंत एकेक फाईल मागत होता आणि दर वेळी उत्तर -2, म्हणजे फाईलच नाही. एरर वीस नव्हतेच, एकच होता. खरं सांगतो, तिथेच माझं अर्धं टेन्शन गेलं.

पुढचं तर पंधरा मिनिटांचं काम. मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाईलचं नेट लॅपटॉपला (अँड्रॉइड मोबाईल वायफायवर असला तरी बहुतेक वेळा चालतं, डेटा पॅक लागत नाही, हे मला माहीतच नव्हतं), सोर्सेस लिस्टमधे (पॅकेजेस कुठून घ्यायची ती यादी) नॉन-फ्री हा विभाग, एपीटी अपडेट करून यादी ताजी, फर्मवेअरचं पॅकेज, आणि मॉड्यूल काढून परत घातलं. रीस्टार्टसुद्धा नाही! डेबियनने 2023 च्या 12 व्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरमधेच दिलंय हे तुम्ही मागाहून सांगितलंत, मी आपला जुनाच पेन ड्राइव्ह लावून बसलो होतो. त्यावरून तुम्ही ओरडलात ते मला मान्य आहे.

आणि हो, दुसऱ्या दिवशी कनेक्शन सारखं तुटायला लागलं. फोन हातात घेतलेला, पण ठेवला, म्हटलं आधी लॉग वाचू. कार्ड मधेमधे झोपतंय असा संशय आला, नेटवर्क मॅनेजरमधे (नेट जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) वायफाय पॉवरसेव्ह, म्हणजे वीज वाचवायची सेटिंग, 2 केलं (इथे 2 म्हणजे बंद, 0 नाही, हे कोणी ठरवलं देव जाणे). आज चौथा दिवस, एकदाही तुटलेलं नाही, आणि हे तुम्हाला न विचारता जमलंय.