दुमडलेलं कार्ड आणि सुटलेला बबल : बदलून मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : चारपैकी दोन रेट्रो फिगर्स (जुन्या धाटणीच्या खेळण्यातल्या छोट्या बाहुल्या) खराब अवस्थेत मिळाल्या आणि बदलून देण्यास नकार दिला गेला, त्याबद्दल तक्रार

महोदय/महोदया,

पाच महिन्यांपूर्वी मी आपल्या संकेतस्थळावर ‘स्टार वॉर्स’ सिनेमाच्या रेट्रो मालिकेतल्या चार फिगर्सची आगाऊ नोंदणी केली आणि पैसेही तेव्हाच पूर्ण भरले. ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू ही त्यातली पात्रं. प्रत्येक फिगर छापील पुठ्ठ्याच्या कार्डावर, वरून चिकटवलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कवचात म्हणजे ‘बबल’मध्ये असते. गेल्या मंगळवारी पार्सल आलं ते प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीतून. आत खोका नाही, बबल रॅप नाही, साधा कागदाचा बोळाही नाही. चारही फिगर्स एकीवर एक रचून पिशवीला चिकटपट्टी मारली होती, बस्स.

ल्यूक आणि आर-टू नशिबाने वाचले. लेयाच्या कार्डाचा वरचा कोपरा मुडपलाय आणि टांगायच्या भोकापासून तिरकी पांढरी घडी थेट बबलपर्यंत उतरली आहे. च्युबाकाची अवस्था त्याहून वाईट. त्याचा बबल डाव्या बाजूने सुटलाय. फटीत नख सहज जातं, आणि सुटताना कार्डावरच्या छपाईचा पापुद्राही सोलून निघालाय. हातातलं शस्त्र घरंगळत बबलच्या तळाशी जाऊन पडलंय.

त्याच संध्याकाळी मी फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी आपलं उत्तर आलं : ‘आतील खेळणे सुस्थितीत आहे. बाह्य वेष्टनाचे नुकसान बदलीस पात्र नाही.’ माझी खरी तक्रार या उत्तराबद्दल आहे.

रेट्रो फिगरचं कार्ड हे वेष्टन नाही, ते वस्तूचाच भाग आहे. नुसत्या खेळण्याचाच विचार केला तर आज याहून कितीतरी सफाईदार फिगर्स मिळतात, त्यांची कोपरं, गुडघे, मनगटं सगळं वळतं. ल्यूक किंवा लेयाला सांधे पाचच : मान, दोन खांदे, दोन मांड्या. उंची पावणेचार इंचांच्या आसपास. तरीही आम्ही संग्राहक हीच घेतो, कारण ती १९७८ च्या मूळ फिगरसारखी दिसते, आणि तसं दिसण्यात निम्मा वाटा त्या कार्डाचा आहे. आपल्या संकेतस्थळावरही मोठा फोटो कार्डाचाच आहे आणि खाली ‘जुन्या धाटणीचे कार्ड’ असं लिहिलंय. विकताना जे दाखवलंत, तेच तक्रार आल्यावर बाह्य वेष्टन कसं झालं?

या फिगर्स जमवण्याच्या छंदाची सुरुवातच पुठ्ठ्यापासून झाली, हेही सांगावंसं वाटतं. सिनेमा १९७७ च्या मे महिन्यात आला, पण नाताळपर्यंत खेळणी तयार झाली नाहीत. तेव्हा ती खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीने दुकानांतून विकलं ते एक पाकीट. त्यात पुठ्ठ्याचा स्टँड, स्टिकर आणि फिगर्स नंतर पोस्टाने येतील असं प्रमाणपत्र. पुढच्या वर्षी त्या पाकिटावर घरी आल्या त्या नेमक्या याच चार फिगर्स. तोवर मुलांच्या हाती होता तो पुठ्ठाच. म्हणून तर मी हे चौघं एकत्र मागवले होते.

लहानपणी माझ्याकडे फक्त च्युबाका होता. मिळाल्या मिळाल्या कार्ड मी टराटरा फाडलं, पण मागचा मोठा तुकडा जपून ठेवला, कारण त्यावर बाकीच्या फिगर्सचे फोटो होते. रोज झोपताना त्यांच्यावरून बोट फिरवायचो. घर बदलताना तो तुकडा गेला, पुढे कधीतरी च्युबाकाही गेला. या वेळी तो कार्डासकट, न उघडता भिंतीवर लावायचा होता.

माझी मागणी साधी आहे. लेया आणि च्युबाका बदलून द्या, आणि या खेपेला पुठ्ठ्याच्या कडक खोक्यात, चारही बाजूंनी भरणा घालून पाठवा. तुमच्याकडे साठा उरला नसेल तर त्या दोघांचे पूर्ण पैसे परत करा. अर्धवट सूट किंवा पुढच्या खरेदीचं कूपन मला नको आहे. खराब झालेल्या दोन्ही फिगर्स मी उघडलेल्या नाहीत. त्या न्यायला माणूस कधी पाठवताय, ते सात दिवसांत लेखी कळवा.

फोटो, पावती आणि आपल्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक जुना ग्राहक